सत्तावन्न व्होल्टची अमेरिका

शामसुंदर ढोक यांनी अमेरिकेला न जाण्याची एकूण चार कारणं दिली. मी मोजली आहेत. रायपूरजवळच्या आमच्या प्लांटच्या टाइम ऑफिसात तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काही येत नाही. कोण किती वाजता आलं, कोण आलंच नाही आणि न येण्याचं काय कारण सांगितलं, एवढं मात्र बरोबर ध्यानात राहतं. एकाच माणसाची आजी तीनदा वारलेली मी पाहिली आहे, त्यामुळे कारणांचा दर्जा मला कळतो.

पहिलं कारण, व्हिसाच्या फोटोत डावा कान नीट आला नाही. दुसरं, घरच्या बोअरची मोटर फक्त त्यांचंच ऐकते. तिसरं, गुडघे. पण ते गुडघे त्यांच्या बायकोचे, वसुंधरा वहिनींचे होते, म्हणजे कारणही मागून आणलेलं. कानाचं काही न होता व्हिसा झाला, मोटरवर लक्ष ठेवायला मी तयार झालो, आणि गुडघ्यांना डॉक्टरांनी परवानगी दिली. फक्त सकाळ-संध्याकाळ विजेच्या हीटिंग बॅगनं शेक घ्या म्हणाले. तेव्हा ढोकांनी चौथं कारण काढलं. ते भारी होतं, कारण ते त्यांच्या स्वतःच्या खात्यातलं होतं. व्होल्टेज.

जायचं कशासाठी, ते सांगतो. त्यांची एकुलती मृणाल पिट्सबर्गला असते. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते आणि नोव्हेंबरच्या मधल्या आठवड्यातली तारीख होती. वहिनींना त्या आधी तिथं पोचायचं होतं. बस, एवढंच. बाकी अमेरिका असली काय नि नसली काय, त्यांना फरक नव्हता. दोघांची तिकिटं अठ्ठावीस ऑक्टोबरची होती. सुपेल्यातला तिकीटवाला प्रफुल्ल म्हणाला होता, तारीख बदलायची असेल तर शनिवारी संध्याकाळी सातपर्यंत सांगा. मग बदलणं नाही, आणि त्याआधी बदललं तरी डिसेंबरशिवाय जागा नाही. डिसेंबरात मूल जन्माला येऊन महिन्याचं झालं असतं.

आता ढोक कोण, तेही सांगायला हवं. छत्तीस वर्षं प्लांटच्या वीज खात्यात. शेवटी सीनिअर फोरमन. रिटायर होऊन प्लांटच्या सेक्टरमधलं क्वार्टर सोडलं आणि कोहक्यात माझ्या शेजारी घर बांधलं. घर लहान, बोर्ड मोठे. त्यांनी जोडलेली वायर कधी सुटली नाही, असं ते सांगतात, आणि गंमत म्हणजे ते खरं आहे.

आमच्या महाराष्ट्र मंडळात ज्यांची पोरं बाहेर आहेत असे अकरा जण आहेत. त्यातला कोणीही विमानात बसण्याआधी आपलं विजेचं सामान घेऊन कोहक्याला येतो. याला आम्ही ट्रायल म्हणतो. प्लांटमधली सवय आहे. आमच्याकडे बिना ट्रायलचं काही चालू होत नाही, सून सोडून. ढोकांच्या पडवीत भिंतीवर एक लाकडी पेटी आहे, तिचं नाव अमेरिका. पॉवर हाऊस भागातल्या बाबुलाल भंगारवाल्याकडून त्यांनी एक जुना ट्रान्सफॉर्मर आणला. एकीकडून आपली दोनशे तीस व्होल्टची वीज घालायची, दुसरीकडून एकशे दहा-पंधरा बाहेर निघते. अमेरिकेत एकशे वीस असते, तेव्हा पाचदहाची घासाघीस चालते. पेटीवर मृणालनं पाठवलेलं खरं अमेरिकन सॉकेट बसवलंय. वर दोन उभ्या चिरा, खाली एक गोल भोक. घाबरलेल्या माणसाचं तोंड दिसतं. आपलं सॉकेट तीन गोल भोकांचं, बिनधास्त.

“अडॅप्टर म्हणजे चप्पल,” ढोक प्रत्येकाला ऐकवायचे. “चप्पल बदलली म्हणून पाय बदलत नाही. पिन बसली म्हणजे मशीन चालली, असं समजणारे गाढव असतात. आणा इकडं.”

मग मशीन अमेरिकेला लावायची आणि निकाल रजिस्टरात लिहायचा. ते रजिस्टर वाचनीय आहे. हरिभाऊंची इस्त्री: “तापते, असं म्हणता येईल.” चारुलताबाईंचा मिक्सर: “चालतो. हळू. आवाज कमी. चटणी नाही, दाण्याचं कूट होईल.” त्यांचाच मोबाइल चार्जर, तारीख नऊ ऑगस्ट: “पास.” मच्छर पळवायची मशीन: “गरम होत नाही. मच्छर आलेच तर बोलून पाहावे.”

त्या पेटीच्या झाकणाला एक लाल टॅग लटकतो. “काम चालू आहे. हात लावू नये. शा. ढोक.” प्लांटचा नियम असा, की लाइनवर ज्यानं टॅग लावला त्यानंच तो काढायचा. दुसऱ्यानं काढला तर कोणाचा तरी जीव जाईल. तिथं नियम ठीकच आहे. पण ढोकांनी तो टॅग लग्नाच्या पहिल्या आठवड्यात सेक्टरच्या क्वार्टरमधल्या फ्यूजलाही लावला होता, आणि अडतीस वर्षांत वहिनींनी घरातल्या कुठल्याही बोर्डाचं झाकण उघडलेलं नाही. मिठावर वहिनींचा शब्द शेवटचा, विजेवर त्यांचा. असा तह होता.

त्या शनिवारी संध्याकाळी साडेपाचला वहिनींनी कुंपणावरून हाक मारली.

“भाऊजी, या जरा. ट्रायल आहे माझी.”

मी गेलो. ट्रायलला साक्षीदार लागतो आणि चहाला चिवडा मिळतो.

पडवीत ढोक चष्मा चढवून उभे होते. “या, टाइम ऑफिस. तुम्ही पण पाहा, नाहीतर म्हणाल ढोकनं बायकोले फसवलं.”

हे वाक्य मी तेव्हाच मनात टिपून ठेवलं. कोणी आरोप केलेला नसताना जो खुलासा देतो, त्याची हजेरी दोनदा तपासावी.

हीटिंग बॅग सॉकेटला लागली. पाच मिनिटं झाली. दहा झाली. वहिनींनी बॅगेवर हात ठेवला, मग गाल ठेवला, मग माझ्याकडे दिली. बॅग थंड होती. अगदी माठातल्या पाण्यासारखी नाही, पण तिच्यापेक्षा माझा हात गरम होता.

“झालं,” ढोक म्हणाले. “मी काय सांगून राहिलो होतो? तिथं बर्फ पडते. शेक नाही तर तुले चालता येणार नाही. पोरगी बाळंतपण सांभाळीन का तुले सांभाळीन?”

“कौस्तुभ म्हणाले, तिथल्या दुकानात तिथली बॅग मिळते.” कौस्तुभ म्हणजे जावई.

“तिथली बॅग काय, इथली बॅग काय! वीज तर तीच ना? अमेरिकेची वीज म्हणजे पाणी घातलेलं दूध. अर्ध्या दाबाच्या विजेवर काय तापणार?”

“मग तिथचे लोक गार चहा पितात का?”

“म्हणूनच तर कोल्डड्रिंक पितात!”

इथं मी ढोकांकडे नीट पाहिलं. अर्ध्या दाबावर चालायला बनवलेली मशीन करंट दुप्पट ओढते आणि तेवढीच तापते, हे मला, एका टाइम ऑफिसच्या क्लार्कला, ढोकांनीच शिकवलेलं होतं. दोनदा शिकवलं होतं, कारण पहिल्यांदा मी झोपलो होतो. म्हणजे हे गृहस्थ ठाऊक असून उलटं बोलत होते. पण मी गप्प राहिलो. नवरा-बायकोच्या लाइनवर काम चालू असताना हात लावू नये.

वहिनी खुर्चीत बसल्या. बराच वेळ त्या हीटिंग बॅगेची वायर गुंडाळत राहिल्या. “बरं,” त्या म्हणाल्या. “मग प्रफुल्लले सांगून द्या, डिसेंबरचं कर म्हणून.”

अडतीस वर्षांचा तह होता. त्यांनी तो पाळला. इथं ढोक थांबले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि मृणाल एकटीच बाळंत झाली असती. पण जिंकलेल्या माणसाला आणखी थोडं जिंकावंसं वाटतं.

“हे पण पाहून घे,” ते म्हणाले, “म्हणजे मनात किंतु नको राहायले.” आणि त्यांनी वहिनींच्या फोनचा चार्जर उचलला, खाली चप्पल लावली आणि अमेरिकेत खुपसला. फोनवर विजेची खूण आली, गेली. आली, गेली. फोन प्रत्येक वेळी टुंग करायचा, आणि नंतर त्याचा विचार बदलायचा.

“पाहिलं? फोन पण चार्ज होत नाही. मृणालशी बोलशील कशी?”

“अहो, मृणाल तर त्याच घरात राहीन,” मी म्हणालो.

“मग माझ्याशी बोलशील कशी?”

म्हणजे वहिनींनी जावं आणि आपण इथं राहावं, असाही एक आराखडा या माणसाच्या डोक्यात तयार होता. टिपून ठेवलं.

वहिनी उठल्या, आत गेल्या, चष्मा घेऊन आल्या. चार्जर काढला आणि त्याच्या पाठीवरची मुंगीसारखी अक्षरं वाचायला लागल्या. अक्षर कळेना तेव्हा माझ्याकडे दिला. मी वाचलं. शंभर ते दोनशे चाळीस व्होल्ट.

“म्हणजे शंभरावर चालला पाहिजे,” वहिनी म्हणाल्या.

“लिहिलेलं असते,” ढोक म्हणाले. “डब्यावर तर लिहिलेलं असते, शुद्ध तूप.”

वहिनींनी फोन लावला. आपल्याकडचे सहा म्हणजे तिकडे सकाळचे साडेआठ. स्क्रीनवर मृणाल आली, केस विस्कटलेले, पोट पडद्यात मावत नव्हतं.

“काय गं आई? इतक्या सकाळी?”

“तू जाताना माझ्या चार्जरचा जोडीचा नेला होता ना? दोन घेतले होते आपण, सारखेच.”

“हो. आहे ना. उशाशी लागलेला आहे. का?”

“चालते तो?”

“आई, तीन वर्षांपासून चालतोय. काय झालं? बाबा कुठे आहेत? तुम्ही येताय ना? डॉक्टर म्हणते एखादा आठवडा आधी पण होऊ शकतं.”

“येऊन राहिलो,” वहिनी म्हणाल्या. “तू नाश्ता कर.” फोन ठेवला. मग रजिस्टर उघडलं, बोट फिरवत नऊ ऑगस्टवर आणलं. चारुलताबाईंचा चार्जर. पास.

आमच्या भागात दुरून प्लांटचा घुमणारा आवाज नेहमीच ऐकू येतो. तो त्या वेळी जरा जास्तच ऐकू आला.

“भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, “तो व्होल्टचा मीटर घ्या.”

“टॅग लागला आहे,” ढोक घाईनं म्हणाले. “झाकण उघडायचं नाही.”

“झाकण कोण उघडते? सॉकेटमध्ये तर पाहू. सॉकेटले टॅग नाही.”

नियमात बसत होतं. ढोकांचाच मीटर, ढोकांनीच शिकवलेली रीत. मी दोन्ही सुया त्या घाबरलेल्या तोंडाच्या दोन डोळ्यांत घातल्या. आकडा हलला, सावरला आणि थांबला.

सत्तावन्न.

“किती पाहिजे?” वहिनींनी विचारलं.

“एकशे पंधराच्या आसपास,” मी म्हणालो.

“म्हणजे ही अमेरिकेच्याही अर्धी आहे.”

बाबुलालच्या त्या ट्रान्सफॉर्मरला बाहेरच्या बाजूला तीन टर्मिनल आहेत, हे मी आधी पाहिलेलं होतं. दोन टोकांची आणि एक मधलं. टोकापासून टोकाला जोडलं तर पूर्ण वीज. टोकापासून मधल्याला जोडलं तर निम्मी. ऑगस्टमध्ये वायर टोकाला होती. ऑक्टोबरात ती मधल्यावर येऊन बसली होती.

वहिनींनी रजिस्टरात नवी ओळ सुरू केली. त्यात शेवटचा रकाना असतो, ‘फॉल्टचे कारण’. त्यांनी पेन टेकवून वर पाहिलं.

“काय लिहू?”

मी आयुष्यात पुष्कळ माणसं अडकलेली पाहिली, पण अशी नाही. कनेक्शन चुकलं म्हणावं, तर छत्तीस वर्षांची अब्रू गेली. सोमवारपर्यंत मंडळातले अकराही जण म्हणणार, ढोक साहेबाले मधलं नि टोकाचं कळत नाही. मुद्दाम केलं म्हणावं, तर समोर बायको पेन घेऊन बसलेली. एक खड्डा होता, दुसरी विहीर.

“ट्रान्सफॉर्मर खराब झाला असन,” ढोक म्हणाले. “भंगारातला माल.”

“मग निम्म्यावर बरोबर कसा थांबला?” मी विचारलं.

“तुम्ही चिवडा खा.”

“काय लिहू?” वहिनी.

“उंदीर असन. उंदरानं वायर ओढली असन.”

“उंदरानं वायर ओढली,” वहिनी म्हणाल्या, “मग पेचकस घेतला, मधल्या टर्मिनलले लावून स्क्रू कसला, झाकण लावलं, आणि वर तुमचा टॅग लटकवून गेला. शिकलेला दिसते. तुमच्याच खात्यातला असन.”

मला ठसका लागला. ढोकांनी टोपी नसलेलं डोकं खाजवलं, चष्मा काढला, पुसला, आणि तो परत न घालताच बोलले.

“चूक नाही झाली माझी. मी लावली वायर. मंगळवारी.”

पाहा, अब्रूच निवडली. बायको परवडली, पण वायर चुकली असं कोणी म्हणू नये.

“कावून?”

“कौस्तुभ काय म्हणला, ऐकलं ना तू? ‘बाबा, इथे तुम्ही फक्त आराम करा. कशालाही हात लावू नका.’ तिथं म्हणे भिंतीतला बोर्ड उघडायले लायसनवाला माणूस बोलवावा लागते. बल्ब पण लोक फोनवरून बंद करतात. सहा महिने मी काय करू? सोफ्यावर बसू? इथं दिवसातून तीन लोक तर विचारतात, ढोक साहेब, जरा पाहून द्या. तिथं माझ्या हाताले काम नाही. कशालेच हात लावायचा नाही, म्हणजे माणूस आहे का फोटो?”

मी चिवडा खाली ठेवला. थट्टा करायची जागा होती, पण करवली नाही.

वहिनींनी मात्र दोन क्षणही वाया घालवले नाहीत.

“मी अडतीस वर्षं या घरात कोणत्या बोर्डाले हात लावला? दिवा गेला तर तुमची ड्यूटी संपेपर्यंत अंधारात बसली. मृणाल तापली होती त्या दिवशी फ्यूज उडाला, तुम्ही नाइट शिफ्टले, मी लाल टॅगकडे पाहत हातपंख्यानं वारा घातला. मेली का मी?”

मला वाटतं, ही नोंद ढोकांकडे कधी आलीच नव्हती.

“तुमचा टॅग आहे, तुम्हीच काढा,” वहिनी म्हणाल्या. “आणि वायर जागेवर लावा.”

ढोकांनी टॅग काढला, झाकण उघडलं. त्यांचे हात कामाला लागले की पाहत राहावं असे असतात. अर्ध्या मिनिटात वायर मधल्यावरून टोकाला गेली. मी मीटर लावला. एकशे सोळा. चार्जर लावला, खूण आली आणि राहिली. वहिनींनी हीटिंग बॅग पुन्हा लावली, दहा मिनिटांनी गाल ठेवला.

“कोमट.”

“चौथाईच गरम होईन,” ढोक खालच्या आवाजात म्हणाले. “आपली बॅग आहे ना. तिथली तिथं पूर्ण तापते.”

“तिथली तिथं घेऊ मग.” त्यांनी बॅग बाजूला ठेवली आणि प्रफुल्लला फोन लावला. सातला पाच कमी होते. “अठ्ठावीसचंच ठेव, बेटा. माझं पक्कं आहे. साहेबांचं साहेबांले विचार, ते इथंच आहेत.” आणि फोन ढोकांच्या पुढे धरला.

ढोकांनी फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं.

“मीटर हातातल्या बॅगेत चालते का विमानात?” त्यांनी फोनमध्ये विचारलं. पलीकडून प्रफुल्ल काय म्हणाला कोण जाणे. “नाही? मग मोठ्या बॅगेत टाकतो. हो, हो, दोन्ही पक्के.”

तो लाल टॅग टेबलावर पडला होता. वहिनींनी तो उचलून आपल्या सूटकेसच्या हँडलला बांधला. रायपूरच्या विमानतळावर मी त्यांना सोडायला गेलो तेव्हा ढोक ट्रॉलीत सामान ठेवायला पुढे झाले, त्या सूटकेसपाशी आले आणि थबकले. सवयच तशी. वहिनींनी मान हलवून परवानगी दिली, तेव्हा उचलली.

घराची किल्ली आणि रजिस्टर माझ्याकडे ठेवलं आहे. बोअरची मोटर माझंही ऐकते. मी खात्री केली. रजिस्टर उघडलं तर त्या शनिवारच्या ओळीत ‘फॉल्टचे कारण’ या रकान्यात वहिनींनी काहीच लिहिलेलं नव्हतं. खाली नवी नोंद होती, त्यांच्या गोल अक्षरात: “शामसुंदर ढोक. इथले, दोनशे तीस व्होल्ट. तिथल्या एकशे वीसवर चालतात का: ट्रायल बाकी.”

मुलगी झाली, नऊ नोव्हेंबरला, तारखेच्या आधी. दहा दिवसांनी वहिनींचा मेसेज आला, सोबत फोटो नाही, फक्त रजिस्टरात चढवायचा निकाल. मी तो शब्दाला शब्द उतरवून घेतला आहे.

“चालतात. हळू. आवाज कमी. पोरीले झोपवायच्या कामाचे आहेत.”